अचूक, पण फार हळू

सकाळी साडेसहा

चहा उकळेपर्यंत आजच्या शब्दपट्ट्या कापून होतात. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद आणि त्यावर काळ्या स्केचपेनने ठळक अक्षरं. हे काम मी दुसऱ्या कुणावर सोपवत नाही. कुठल्या मुलापुढे आज कुठला शब्द ठेवायचा आणि कुठला ठेवायचा नाही, यातच निम्मं शिकवणं असतं. पहिल्या तासाला येणाऱ्या तिसरीतल्या मुलाला काना, दोन्ही वेलांट्या आणि एक मात्रा येते; उकार अजून पक्के नाहीत. म्हणून ‘पाटी’, ‘पेटी’, ‘शेती’, ‘किती’ चालतील, ‘फूल’ आणि ‘मुलगा’ चालणार नाहीत. न शिकवलेलं चिन्ह समोर आलं की तो चित्राकडे बघतो, माझ्या तोंडाकडे बघतो आणि अंदाजाने काहीतरी ठोकून देतो. अंदाजाची ही सवय एकदा लागली की मोडायला महिने जातात.

मी विशेष शिक्षिका आहे. सकाळी पुण्याच्या जुन्या भागातल्या एका मराठी शाळेत आणि दुपारनंतर घराजवळच्या माझ्या छोट्या केंद्रात वाचनाशी अडलेली मुलं माझ्याकडे येतात. त्यातल्या बऱ्याच जणांना डिस्लेक्सिया असतो.

सकाळी आठ

ग्रंथालयाला लागून असलेली खोली शाळेने मला दिली आहे. तासाच्या सुरुवातीला पुस्तक नाही, पाटी नाही, अक्षरही नाही. नुसते कान.

“‘माती’ म्हण.”

“माती.”

“त्यातला ‘आ’ काढ आणि तिथे ‘ओ’ घाल.”

तो छताकडे बघतो. ओठ हलतात. “मो... मोती!”

“आता ‘पाणी’. सुरुवातीच्या ‘प’च्या जागी ‘र’.”

“राणी.” मग मी न सांगताच, “गाणी. वाणी. बाई, अजून सांगू?”

कधी एखादी बाई दारातून डोकावतात तेव्हा त्यांना वाटतं, हा खेळ चाललाय. पण तासातलं सगळ्यात कष्टाचं काम हेच आहे. बोलणं मुलाला आपोआप येतं. घरात चार माणसं बोलत असली की पुरतं. वाचनाचं तसं नाही. माणसाला लिहायला लागून जेमतेम पाच हजार वर्षं झाली, तेवढ्यात मेंदूत वाचनासाठी वेगळी जागा तयार होणं शक्य नव्हतं. प्रत्येक मुलाचा मेंदू ही जागा नव्याने तयार करतो, तीही दुसऱ्या कामासाठी असलेल्या भागांतून. स्तानिस्लास दहान आणि लोराँ कोएन या फ्रेंच संशोधकांनी मेंदूच्या डाव्या बाजूला, मागे आणि खालच्या अंगाला असलेल्या एका पट्ट्याचा माग काढला. निरक्षर माणसात हा पट्टा चेहरे आणि वस्तू ओळखण्यात गुंतलेला असतो. वाचायला शिकलं की तो लिहिलेले शब्द ओळखू लागतो. २०१० साली त्यांच्या गटाने पोर्तुगाल आणि ब्राझीलमधल्या निरक्षर, मोठेपणी साक्षर झालेल्या आणि लहानपणीच शाळेत गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले. मोठेपणी शिकलेल्यांमध्येही हा बदल झालेला दिसला. मला ही गोष्ट फार धीर देते.

पण नुसतं डोळ्यांनी ओळखून वाचन होत नाही. डाव्या कानाच्या वर आणि मागे मेंदूचा जो भाग आहे तिथे अक्षर आणि ध्वनी यांची गाठ पडते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांमध्ये वाचताना हा भाग, आणि मागचा शब्द ओळखणारा पट्टाही, इतरांपेक्षा कमी जागा होतो. बहुतेक मुलांच्या बाबतीत अडचणीचं मूळ ध्वनीत सापडतं. त्यांना ऐकू नीट येतं, बोलता नीट येतं, पण बोललेला शब्द तोडून त्यातला एकच ध्वनी बाजूला काढणं त्यांना जड जातं.

आपली लिपी इथे थोडी मदत करते आणि थोडी फसवते. टाळ्या वाजवत ‘मा-ती’ असे दोन तुकडे कुठलंही मूल पाडतं, हा मुलगाही पाडतो. काना, मात्रा, वेलांटी मात्र त्या तुकड्याच्या पोटातल्या स्वराची खूण असते. ‘मा’मधून ‘म्’ आणि ‘आ’ वेगळे ऐकू आल्याशिवाय काना म्हणजे अक्षराशेजारची एक उभी रेघ, त्यापलीकडे काही नाही. म्हणून मुळाक्षरं धडाधड म्हणणारं मूल बाराखडीशी अडतं. बाराखडी सुरात म्हणून घेण्यावर माझा फारसा विश्वास नाही. सूर पाठ होतो, पण मध्येच ‘के’वर बोट ठेवलं की मूल ‘क, का, कि, की’ असं पहिल्यापासून चालू करतं.

सव्वादहा

चौथीच्या वर्गात मागच्या बाकावर बसते. आज एका मुलीचं वाचन ऐकायचं आहे. वर्गशिक्षिकांनी तिचं नाव माझ्या यादीत घातलेलंच नव्हतं. वाचन चुकत नाही, मग यादीत कशाला? गणितातली शाब्दिक उदाहरणं सोडवत नाही, अशी तक्रार घेऊन गणिताच्या बाई आल्या तेव्हा मी तिला बघायचं ठरवलं.

बाजूच्या खोलीत ती पाठ्यपुस्तकातला एक उतारा वाचते. बोट ओळीवर. एकेक अक्षर उचलून, जोडून, पुन्हा मनाशी म्हणून मग शब्द बाहेर. “पा... व... पाव... सा... ळ्या... पावसाळ्यात.” एकही चूक नाही. चार वाक्यं संपेपर्यंत कपाळावर घाम येतो. “कशाबद्दल होतं गं हे?” असं विचारलं की ती पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवते. शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात हातातून सुटलेली असते.

मग तोच उतारा मी तिला वाचून दाखवते आणि तेच प्रश्न विचारते. ती सगळी उत्तरं देते, शिवाय उताऱ्यात नसलेला एक प्रश्न मलाच विचारते.

या दोन वाचनांमधलं अंतर, माझ्या लेखी, सगळ्यात महत्त्वाची खूण आहे, आणि मराठी शाळांमध्ये ती फार निसटते. डिस्लेक्सियाविषयी जे वाचनात येतं ते बरंचसं इंग्रजीवरून लिहिलेलं असतं. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार, त्यामुळे तिथे मूल उघड चुकतं आणि पकडलं जातं. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं बरंच सरळ आहे. ‘चार’ आणि ‘चाक’मधला च वेगळा, ‘जेवण’ आणि ‘जागा’मधला ज वेगळा, अशा थोड्या जागा सोडल्या तर लिहिलंय तसं म्हटलं की शब्द मिळतो. त्यामुळे आपलं मूल चुकत नाही, दमतं. २००१ साली एराल्डो पाउलेसू आणि सहकाऱ्यांनी इटली, फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या डिस्लेक्सिया असलेल्या प्रौढांची तुलना केली. इटालियनमध्येही लिहिलंय तसंच वाचायचं असतं, म्हणून इटालियन मंडळी बाकीच्यांपेक्षा कितीतरी अचूक वाचत होती. मेंदूच्या चित्रात मात्र तिन्ही देशांची माणसं सारखीच निघाली. डाव्या बाजूचा तोच भाग मंद. मूळ अडचण एकच होती, भाषेप्रमाणे तिचं दिसणं बदललं होतं.

भाकरी थापायला नुकतंच शिकलेल्या मुलीचं सगळं लक्ष हाताखालच्या पिठात असतं, सवयीची बाई थापता थापता घरभराच्या गप्पा मारते. अर्थ समजणं हे त्या गप्पांसारखं आहे. लक्ष मोकळं झालं तरच ते होतं. या मुलीचं लक्ष अजून प्रत्येक अक्षराने धरून ठेवलंय. घड्याळ मी तिच्यासमोर काढलं नाही. एका मिनिटात किती शब्द झाले ते मला माझ्या वहीसाठी हवं असतं, मुलीला भीती घालायला नको असतं.

दुपारी साडेबारा

डबा खाताना शिक्षकखोलीत प्रश्नांना तोटा नसतो. कंटाळा येत नाही, कारण विचारणारे विचारतात तरी.

“उलटी अक्षरं काढतो, म्हणजे तेच ना?” नाही. पहिली-दुसरीत कितीतरी मुलं अक्षरं उलटी काढतात. समोरची वस्तू डावीकडून बघा नाहीतर उजवीकडून, ती तीच असते, हे मेंदूला मुळातच माहीत असतं. अक्षरांच्या बाबतीत ही माहिती विसरायला शिकावं लागतं, आणि त्याला सगळ्यांनाच वेळ लागतो. भ-म, घ-ध, थ-य यांचा घोळ तिसरी-चौथीतही टिकला तर मी लक्ष देते, पण निदान त्यावर करत नाही.

“डोळे तपासलेत, चष्म्याचा नंबर नाही.” डोळे तपासायलाच हवेत, कानही. पण डिस्लेक्सिया डोळ्यांचा आजार नाही. रंगीत काचांचे चष्मे विकणाऱ्यांच्या नादी लागू नका, असं मी प्रत्येक पालकसभेत सांगते.

“हुशार आहे, पण आळशी.” हे ऐकलं की माझा घास हातातच राहतो. ज्या मुलीला चार ओळींना घाम फुटतो तिला आळशी म्हणायचं? १८९६ साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. सगळं शिक्षण तोंडी असतं तर शाळेत हाच सर्वांत हुशार ठरला असता, असं त्याच्या शिक्षकाने सांगितल्याचं त्यात आहे. त्या शिक्षकाला मेंदूची चित्रं कुठे मिळाली होती? त्याने फक्त मुलाकडे नीट बघितलं. आणि ‘हुशार आहे’ ही अटही मला मान्य नाही. २०११ साली अमेरिकेत कमी आणि जास्त बुद्ध्यांकाच्या, पण वाचनात सारख्याच अडलेल्या मुलांचे मेंदू तपासले, तेव्हा ध्वनींचं काम करताना दोघांमध्ये तीच उणीव दिसली. चाचणीत गुण कमी पडले म्हणून एखाद्या मुलाला वाचनाची मदत नाकारणं अन्यायाचं आहे.

दुपारी दोन

शाळेतून निघण्याआधी पहिल्या तासाच्या मुलाचे वडील भेटायला येतात. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शटर अर्धं ओढून आले आहेत.

“मॅडम, सर्टिफिकेट काढलं म्हणजे त्याच्यावर शिक्का बसेल का?”

मी त्यांना कागद काढून दाखवते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, त्यामुळे सवलत मागणं हा आता हक्क आहे. त्याआधीही महाराष्ट्राने १९९६ पासून दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती दिल्या होत्या. २०१८ च्या नियमांनी प्रमाणपत्रासाठी किमान आठ वर्षांचं वय, म्हणजे साधारण तिसरी, धरलं होतं, आणि चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी सांगितली होती. सरकारी रुग्णालयात आधी डोळे-कान, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या होतात. दोन-चार खेपा होतील, दुकान बंद ठेवावं लागेल, हेही आधीच सांगते. आणि हेही, की प्रमाणपत्राने परीक्षेत वेळ वाढून मिळतो, लेखनिक मिळतो, वाचन येत नाही. वाचन रोजच्या तासानेच येतं, आणि तो तास प्रमाणपत्राची वाट बघत थांबवायचा नसतो.

ते बराच वेळ कागदाकडे बघतात. मग म्हणतात, “मीपण असाच होतो, मॅडम. सातवीत सोडली शाळा. अजून गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर बोलूनच पाठवतो, लिहीत नाही.”

हे मला जवळजवळ दर आठवड्याला ऐकायला मिळतं. डिस्लेक्सिया घराण्यात चालत येतो. त्यांचा पुढचा प्रश्न मी ओळखून असते. धाकटी आहे, बालवाडीत जाते, तिचं काय? २०१२ साली बॉस्टनमध्ये नादिन गाब यांच्या गटाने अजून वाचायला न शिकलेल्या मुलांचे मेंदू तपासले. ज्यांच्या घरात डिस्लेक्सिया होता त्या मुलांमध्ये शब्दांतले ध्वनी ओळखताना डाव्या मागच्या भागाची हालचाल तेव्हाच कमी दिसली. म्हणजे वाचनात नापास होऊन होऊन मेंदू असा झाला, असं नाही. फरक आधीपासून होता. “तिला शनिवारी घेऊन या,” मी म्हणते, “अक्षरं काढायला लावू नका. गाणी म्हणा, यमकं जुळवा, ‘क’पासून सुरू होणाऱ्या वस्तू घरात शोधा.”

“एवढंच?”

“सध्या एवढंच. पण रोज.”

चार वाजता

केंद्रात आज सहावीतल्या मुलाचा ‘र’चा तास. मराठी वाचणाऱ्याला ‘र’ इतकं दुसरं कुठलंच अक्षर छळत नसेल. ‘चक्र’मध्ये तो अक्षराच्या पायाशी तिरकी रेघ होऊन बसतो, ‘राष्ट्र’मध्ये ट च्या खाली टोपीसारखा, ‘सूर्य’मध्ये डोक्यावर चढतो आणि ‘दुसऱ्या’मध्ये य च्या आधी आडवा होतो. चार रूपं, आणि आपल्या वर्गांत बहुतेकदा ती एकाच दिवशी फळ्यावर लिहिली जातात.

मी त्यांचा क्रम लावते. आधी ‘ग्रह’, ‘चक्र’, ‘प्राणी’, कारण इथे ऐकू येण्याचा क्रम आणि वरून खाली बघण्याचा क्रम जुळतो. मग ‘ट्रक’, ‘राष्ट्र’. रफार मुद्दाम उशिरा. ‘गर्दी’ शब्दात र ऐकू येतो द च्या आधी, पण लिहायचा दी लिहून झाल्यावर, तिच्या डोक्यावर. पहिल्या वेलांटीची गंमत याच्या उलट: ‘किती’मधली वेलांटी कागदावर क च्या आधी, तोंडात क च्या नंतर. मूल डावीकडून उजवीकडे एकेक चिन्ह वाचत असेल तर इथे त्याला मागे फिरावं लागतं. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ साली हिंदी वाचणाऱ्यांमध्ये हे मोजलं. अशी वेलांटी असलेल्या शब्दांना जास्त वेळ लागत होता. सराईताला जाणवतही नाही असा हा खर्च आहे, अडखळणाऱ्या मुलाकडून मात्र प्रत्येक ओळीला वसूल होतो.

आज शेवटचं रूप. मी दोन पट्ट्या समोर ठेवते: ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’.

“सारखेच आहेत,” तो म्हणतो.

“डोळे मिट. मी म्हणते, तू ऐक. कोणत्यात होड्या चालतात?”

दोन्ही शब्द मी संथपणे म्हणते. पहिल्यात ‘दर्’वर जोर पडतो, दुसऱ्यात पडत नाही. तो तिसऱ्यांदा म्हणायला लावतो. मग डोळे न उघडताच, “पहिल्यात. दुसऱ्या त्या डोंगरातल्या.” आता डोळे उघडून तो पट्ट्या उचलतो, एकीवर होडी काढतो, दुसरीवर डोंगर. मग रव्याच्या ताटात बोटाने दोन्ही शब्द, म्हणत म्हणत. हात, कान, डोळे एका वेळी वापरण्याची ही रीत अमेरिकेतल्या सॅम्युएल ऑर्टन आणि अॅना गिलिंगम यांच्या कामातून आली, त्याला आता नव्वदच्या आसपास वर्षं झाली. रव्यात जादू आहे असं मी मानत नाही. माझ्या अनुभवात गुण येतो तो ध्वनी आणि चिन्ह यांची गाठ एका वेळी एकच, स्पष्ट सांगून, क्रमाने मारण्याने. रवा मुलाचं लक्ष तिथे थांबवून ठेवतो, आणि खोडायला सोपा असतो, म्हणून चुकायची भीती जाते.

याने मेंदूत खरंच काही बदलतं का, असं पालक विचारतात तेव्हा मी येल विद्यापीठातल्या सॅली आणि बेनेट शेविट्झ यांचं २००४ चं काम सांगते. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना त्यांनी शालेय वर्षभर ध्वनींवर आधारलेली रोजची शिकवणी दिली. मुलांचं वाचन सुधारलं, डाव्या बाजूच्या भागांची हालचाल वाढली, आणि शिकवणी संपल्यावर वर्षाने पुन्हा बघितलं तेव्हा शब्द ओळखणारा तो मागचा पट्टाही कामाला लागलेला होता. आधी अचूकपणा, मग पुष्कळ उशिराने वेग. सहा महिन्यांत वेग दिसला नाही म्हणून शिकवणी बंद करणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं असतं.

सहा वाजता

आठवीतली मुलगी, इंग्रजी माध्यम, घरी मराठी. तिला दोन लिप्या दोन वेगळ्या रीतींनी वाचायच्या आहेत. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथल्या नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या गटाने २०११ मध्ये हिंदी आणि इंग्रजी लहानपणापासून बरोबरच शिकलेल्यांचे मेंदू तपासले. इंग्रजी वाचताना शब्द अखंड ओळखणारी खालची वाट जास्त वापरली जात होती आणि हिंदी वाचताना ध्वनी जोडणारी वरची. या मुलीचंही मला तसंच दिसतं. मराठी ती सावकाश जोडत नेते, इंग्रजीत जोडणं फळत नाही म्हणून पहिल्या अक्षरावरून उडी मारते. त्याच केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ नावाच्या चाचण्या तयार केल्या, हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही. घरी, अंगणात, आजीशी ज्या भाषेत मूल बोलतं त्या भाषेत त्याला तपासायचं साधन हाती आलं, याचं मोल मोठं आहे. नाहीतर नुसतं इंग्रजी कच्चं असलेलं मूल आणि डिस्लेक्सिया असलेलं मूल एकाच रांगेत उभं राहतं.

आज आम्ही इंग्रजी शब्दांचे तुकडे पाडतो आणि तिच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं एक पान ध्वनिमुद्रित करून ठेवतो. उद्या ती ते ऐकत ऐकत डोळ्यांनी वाचेल.

रात्री साडेआठ

चौथीतल्या त्या मुलीचा अहवाल मुख्याध्यापिकांना आजच पाठवायचा आहे. शक्य तितकं साधं लिहिते. वाचन अचूक आहे, वेग वयाच्या मानाने फार कमी, ऐकून आकलन उत्तम. पालकांशी बोलून पुढच्या तपासणीसाठी पाठवावं. तोपर्यंत वर्गात तिला अचानक उभं करून मोठ्याने वाचायला सांगू नये. वाचायचंच असेल तर परिच्छेद आदल्या दिवशी द्यावा. फळ्यावरचं उतरवून घ्यायला पूर्ण वेळ द्यावा किंवा छापील कागद द्यावा. चाचणीत प्रश्न वाचून दाखवावेत. गणिताच्या बाईंसाठी वेगळी ओळ: शाब्दिक उदाहरण एकदा वाचून द्या आणि मग तिला गणित येतं का ते बघा.

शेवटी वेळापत्रक. आठवड्यातून चार दिवस, अर्धा तास, माझ्या खोलीत. कुठल्या तासाला काढायचं हे त्यांनी मला विचारलं होतं. खेळाच्या आणि चित्रकलेच्या तासाला तिला बोलावू नये, असं मी ठळक अक्षरांत लिहिते. परिपाठानंतरचा वेळ चालेल.